डावीकडचे सूर

"दीड किलो!" दुरुस्तीवाल्याने कॉन्सर्टिना काउंटरवर ठेवला. "आणि तुमचं हे बटणांचं अकॉर्डियन, पाच किलोचं धूड. मास्तर, खांद्यावर दया करा."

"हेच मी महिनाभर सांगतेय," मुलगी म्हणाली. "पण बाबा ऐकतील तर ना!"

मास्तर त्या वाद्याकडे बघत राहिले. सहा कोनांचं, दोन तळव्यांत मावेल एवढं. दोन्ही बाजूंना बटणं.

दोन्ही बाजूंना.

त्यांचा डावा हात खिशात होता. दोन महिने तो तिथेच राहत होता. आधी करंगळी बधिर झाली, मग शेजारचं बोट, आता मधलंही. मुलीला कळलं तर दवाखाना, तपासण्या, आणि शनिवारी नाचाच्या वेळी त्यांच्या खुर्चीवर भलताच कुणीतरी.

"अकॉर्डियनला दणका आहे," ते घाईने म्हणाले. "वीस जण पाय आपटत नाचतात. त्यात ही डबी कुणाला ऐकू जाणार?"

"जाते की! धार आहे हिच्या आवाजाला. आणि तुम्हाला अवघड काय त्यात? भात्याचा हिशोब तोच, दाबला की एक सूर, ओढला की दुसरा. फरक एवढाच, की अकॉर्डियनवर सगळी चाल उजव्या हातात. डावा भाता ओढतो, मधूनमधून खर्ज देतो. इथे चाल दोन्ही हातांत वाटलेली."

एवढाच. खर्ज गाळला तर नाचात कुणी विचारत नाही. दोन महिने कुणी विचारलं नव्हतं.

"वाजवा ना बाबा. ती पहिल्या नाचाची चाल."

त्यांनी सबब शोधली. सापडली नाही. हात पट्ट्यांत गेले.

सूर. सूर.

—

सूर.

— —

सूर, आणि मग भात्याचा नुसताच श्वास.

दात पडलेल्या तोंडाने कुणी बोलावं तशी चाल. मुलीचं हसू जागच्या जागी थांबलं.

दुरुस्तीवाल्याने मास्तरांच्या बोटांकडे पाहिलं. मग त्यांच्या तोंडाकडे.

"अरेच्चा! डावीकडचे सूर अडकलेत वाटतं. पडून असतं हो, होतं असं."

"अडकलेच आहेत," मास्तर म्हणाले. त्यांच्या जिवात जीव आला.

मुलीने कॉन्सर्टिना त्यांच्या हातातून घेतला. डावीकडचं एक बटण दाबून भाता ओढला. सूर स्वच्छ निघाला. दुसरं बटण. तोही. तिसरं.

दुरुस्तीवाला कसलासा स्क्रू शोधायला खाली वाकला तो वाकलाच.

"बिघडलेलाच आहे," मुलगी म्हणाली. "चला बाबा."

अकॉर्डियन तिने आपल्या खांद्याला लावलं आणि रस्ता ओलांडायला त्यांचा हात धरला. मास्तर बोलत सुटले. अकॉर्डियनचा दणका, त्याचा भरदार आवाज, शनिवारी कुठली चाल आधी घ्यायची, कुठली नंतर. पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावर त्यांनी वळून पाहिलं.

ती त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होती. त्यांची करंगळी तिने चिमटीत धरली होती, नख रुतेल इतकी घट्ट.

कधीपासून, ते त्यांना सांगता आलं नसतं.