सिलोनची तयारी

"सांगा ना, बोटीत किती वेळ बसा लागते?" पंचफुलानं विचारलं.

लहानूनं नकाशावरून मान वर केली. बायको आपणहून बोलली होती. त्यांची एकुलती एक मैना वेणेच्या पुरात वाहून गेली, त्याला दहा महिने झाले होते. आठ वर्षांची पोर. तेव्हापासून पंचफुला नुसती हूं-ऊंहूं करायची. लहानू हिंगणघाटच्या कापडगिरणीतून घरी यावा, तर चूल थंड आणि ही भिंतीला टेकलेली.

बुद्धजयंतीला सिलोनचे एक भंतेजी आले होते. आमच्याकडे एका दिवसात समुद्र दिसतो, हत्तींचं रान दिसतं, डोंगरावरचे चहाचे मळे दिसतात, असं ते म्हणाले. लहानूच्या मनानं घेतलं, हिला तिथं न्यायचं. चंद्रभान गुरुजींकडून त्यानं नकाशाचं पुस्तक आणलं.

"धनुष्कोडीहून दोन-तीन तास," तो म्हणाला. "भेव लागते का तुले? मी हात धरीन."

"भेव नाई. कठडा असते ना बोटीले?"

"असते ना, कमरेइतका. अन् पलीकडं उतरलं का रेल्वे सरळ डोंगरात. धबधबे काय, ढग काय! डब्यात बसल्या बसल्या दिसते म्हणते."

"हो," ती म्हणाली. तिचं बोट नकाशातल्या निळ्या पट्टीवरच होतं.

त्या दिवसापासून घर बदललं. पंचफुला दोन घास जेवू लागली. केसांना तेल लागलं. पासपोर्टचे कागद आले तेव्हा तिनं ते दोनदा हातात घेऊन पाहिले. चांगली दोन लुगडी शेजारच्या शकुंतलाबाईला देऊन टाकली. "इतकं ओझं कायले न्या?" म्हणाली.

एका सकाळी तिनं लहानूला चुलीपुढं बसवलं आणि पिठाचा गोळा हातात दिला.

"मले काऊन शिकवून राह्यली?"

"परमुलखात मी आजारी पडली तं उपाशी राहसान का?"

त्याची पहिली भाकर तव्यावर टाकतानाच मोडली. पंचफुला हसली. तोंडाला पदर लावून, पण हसली. लहानू अंगणात गेला आणि त्यानं डोळे पुसले. गिरणीत शेजारच्या साच्यावर काम करणाऱ्या रूपरावला त्यानं सांगितलं, "आली बाप्पा, माई बायको परत आली."

आठ दिवसांनी दोघं वर्ध्याच्या स्टेशनात खिडकीपुढं उभी होती.

"कुठलं?" बाबूनं विचारलं.

"धनुष्कोडी. जाण्यायेण्याचे दोन," लहानू ऐटीत म्हणाला.

पंचफुलानं मागून त्याची बाही हळूच ओढली.

"जाचे दोन घ्या," ती शांतपणे म्हणाली. "येचं एकच. तुमचं."