सुपरसीडची फोड

नेब्रास्कातल्या स्पेलिंग स्पर्धेत शेवटी दोघीच उरल्या, मॅरेन आणि तिची सावत्र बहीण आयव्ही. दोघींची तयारी मॅरेनच्या बाबांनीच करून घेतली होती.

मॅरेनला शब्द आला, 'सुपरसीड'. तिनं मूळ विचारलं. परीक्षक म्हणाले, "लॅटिन. वर बसणं." बसण्याचा धातू 'एस'नं सुरू होतो हे तिला ठाऊक होतं. पण सु-पर-सीड अशी फोड करून बाबांनी शेवटच्या तुकड्यात 'एस'ऐवजी 'सी' हे अक्षर घोकून घेतलं होतं. तिनं बाबांचं ऐकलं. घंटा वाजली, ती चुकली.

तोच शब्द आयव्हीला गेला. तिनं काहीच न विचारता 'एस' सांगितला आणि कप जिंकला.

परतताना आयव्ही आइस्क्रीम आणायला उतरली, तेव्हा मॅरेननं विचारलं, "बाबा, मला 'सी' आणि तिला 'एस'? असे आणखी किती शब्द?"

"आठ-दहा." बाबांनी मान वर केली नाही. "तू दोनदा जिंकलीस गं राणी. ती आपल्या घरात आल्यापासून एकदाही हसली नव्हती."

"मग मला सांगायचंस ना, बाबा. मी मुद्दाम चुकले असते."