एकोणसाठावा फाटा

ह्यूस्टनच्या सहापदरी रस्त्यावर वैजूचा फोन बंद पडला आणि त्याच्यासोबत नकाशाही गेला. साडेनऊ वाजले होते. दहाला हॉस्पिटलात नर्सच्या नोकरीची मुलाखत होती.

"अण्णा, आपण चुकलोय. घरी जाऊ या."

"घरचा रस्ता तरी माहितीय का?" शेजारी बसलेले वडील म्हणाले. त्यांनी इस्लामपूर डेपोत तीस वर्षं कंडक्टरकी केली होती. इंग्रजी बेताचं, पण आकडे पक्के. "तुझा फाटा कितवा?"

"एक्झिट एकोणसाठ."

"मग पाट्या बघ. अठ्ठेचाळीस गेला, आता सत्तेचाळीस. टप्पे उतरायला लागलेत. आपण उलटे चाललोय, एवढंच. पुढच्या फाट्याला गाडी फिरव."

तिने फिरवली. भरल्या एसटीत ओरडावं तशी अण्णांनी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली. पन्नास. चोपन्न. एकोणसाठ!

पार्किंगमध्ये पोचले तेव्हा दहाला पाच कमी होते. वैजूचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

"अण्णा, नाही जमलं तर?"

अण्णांनी डॅशबोर्डवर दोनदा ठोकलं. कंडक्टरची डबल बेल.

वैजू हसली, फाइल उचलली आणि निघाली.