तुमची गाडी, तुमची मर्जी

"गाडी स्टॅनच्या गॅरेजकडेच जाणार," फोनवर म्हातारे हॅनरटी ठणकावून म्हणाले. "तीस वर्षं जातेय. त्याआधी त्याच्या बापाकडे जायची."

डार्लीनने खुर्ची पुढे ओढली. अमेरिकेतल्या टोलीडो शहरातल्या या विमा कंपनीत तिचं काम एकच, ठोकलेल्या गाड्या कंपनीच्या यादीतल्या गॅरेजांकडे वळवायच्या. महिन्याचा शेवटचा दिवस होता आणि दोन ताकिदी मिळून चुकल्या होत्या. आज एक गाडी निसटली की नोकरी गेली. नोकरीबरोबर औषधपाण्याचा विमाही जाणार, आणि लेकीला तर इन्सुलिन रोज लागतं. जीव थाऱ्यावर राहणार कसा?

पाठीमागे तिचा साहेब कर्टिस हेडफोन लावून सगळं ऐकत होता.

"गॅरेज निवडण्याचा हक्क तुमचाच आहे," कायद्याने सक्तीचं वाक्य तिने एका दमात उरकलं. तसंच उरकायचं, हे कर्टिसनेच शिकवलं होतं. "पण तिथल्या कामाची हमी आम्ही घेत नाही हं."

"स्टॅनचा शब्द हीच हमी, पोरी!"

"एकटा माणूस, त्यात उजवा खांदा वर होत नाही. तीन आठवडे ताटकळत ठेवेल तुम्हाला."

"खांदा? मला तर कधी बोलला नाही तो. तुला कोणी सांगितलं?"

डार्लीनने जीभ चावली. "आमच्याकडे नोंदी असतात. उद्या आमच्याकडे गाडी टाका, शुक्रवारी घेऊन जा. तोवर दुसरी गाडी फुकट."



"नातीला शाळेत सोडायचं असतं मला," म्हातारे शेवटी पडेल आवाजात म्हणाले. "न्या बाई तुमच्याकडे. स्टॅनला मात्र मीच कळवतो. माणसाने निदान तेवढं तरी करावं."

"शाब्बास!" कर्टिस म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे सरकला.

नोकरी वाचली होती.  तरी डार्लीन उठली, पाणी प्यायली, परत बसली, परत उठली. पंधरा मिनिटांत पर्समधला मोबाइल वाजला. नवऱ्याचा फोन होता.

"हॅनरटीसुद्धा गेला गं," स्टॅन म्हणाला. "आठवड्यातली ही चौथी गाडी. तुमच्याच कंपनीतल्या कुण्या बाईने फोडलं त्याला. तू घरांचे विमे बघतेस असं सांगत आलीस, म्हणून तुझा संशय आला नाही आधी."

"मग?"

"ती त्याला माझ्या खांद्याबद्दल बोलली, डार्लीन. ते मी तुझ्याशिवाय कुणालाच सांगितलेलं नाही."