हॅल्सीबद्दल वाईट बोलायचं नाही

"पोर अजून पोटात आहे, आणि तुझ्या बाबांनी त्याच्या पाठीवर नाव चढवलंसुद्धा," जनीन नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली.

स्टेडियमबाहेरच्या मोटारतळावर चाहत्यांच्या खाण्यापिण्याच्या शेगड्या पेटल्या होत्या. सामन्याला अजून दोन तास होते. तिचा सासरा, वॉल्ट नोविकी, वीतभर लाल जर्सी शेजारच्या गाडीवाल्यांना दाखवत होता. पाठीवर पांढरी अक्षरं. टॉलिव्हर.

टॉलिव्हर हा शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा नवा क्वार्टरबॅक. सगळा खेळ ज्याच्या हातातून निघतो आणि दहा-पंधरा वर्षं जो संघ ओढून नेतो, असा एक माणूस या शहराला हवा होता. तीस वर्षांत वीस जण येऊन गेले. या पोरानं आल्या आल्या चार सामने जिंकले होते, आणि वॉल्टच्या मते आता शोध संपला होता.

"टॉलिव्हर नोविकी," त्यानं मोठ्यानं म्हणून पाहिलं. "काय दणदणीत वाटतं!"

"वकिलाची पाटी वाटते," त्याची बायको लोरेन कांदा परतत म्हणाली.

त्यांच्या मुलानं, जनीनच्या नवऱ्यानं, बशी पुढे केली. त्याचं नाव हॅल्सी. तो जन्मला त्या हंगामात हॅल्सी नावाच्या क्वार्टरबॅकनं पहिले तीन सामने जिंकले होते. मग ओळीनं अकरा हरला. त्याचे निम्मे चेंडू विरुद्ध संघाच्या हातात जायचे. शाळेत पोरं मुद्दाम विरुद्ध संघात उभी राहून ओरडायची, "हॅल्सी, इकडे फेक!"

शहरानं त्या माणसाला पोटभर शिव्या घातल्या. नोविकींच्या घरात मात्र नाही. तिथं त्याचा गुडघा दुखायचा, पुढची फळी कच्ची होती, कोच गाढव होता. पाहुण्यांना दारातच ताकीद मिळायची.

"वॉल्ट, ते नाव नको," जनीननं शेवटी सांगून टाकलं.

"का? हॅल्सी, सांग हिला. तुला कधी नावाचा त्रास झाला?"

लोरेनचं उलथनं थांबलं. शेजारचा गाडीवाला बीअरच्या डब्यावरची अक्षरं वाचू लागला.

"बाबा," हॅल्सी हळूच म्हणाला, "आमच्या बाळाचं नाव आम्ही ठेवू."

वॉल्टनं जर्सीकडे पाहिलं. तिची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"तुझ्या जन्माच्या कागदावर सही केली," तो म्हणाला, "आणि दवाखान्यातल्या टीव्हीसमोर बसलो. चौथा सामना होता. पहिल्या अर्ध्या तासात त्या हॅल्सीनं तीन चेंडू समोरच्यांना देऊन टाकले. मी धावत गेलो कागद परत मागायला. बाई म्हणाली, खिडकी बंद झाली."

"त्याचा गुडघा..." लोरेन घाईनं म्हणाली.

"गुडघ्याला काही झालं नव्हतं, लोरेन."

हॅल्सीला हसू फुटलं. आधी नाकातून, मग इतकं की जनीननं त्याच्या हातातली बशी काढून घेतली. वॉल्ट त्याच्याकडे बघत राहिला, आणि त्याचेही खांदे हलायला लागले.

"भिकार होता रे तो," वॉल्ट म्हणाला. "पहिल्यापासून भिकार. नाव तेवढं चांगलं होतं."