थोरल्या डोहाचा मासा

माशांची अभ्यासक असलेल्या दक्षाने प्रयोगशाळेचा अहवाल तिसऱ्यांदा वाचला. लाल दोऱ्याच्या बाटलीतले मासे आणि पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीतले मासे, दोहोंचा डीएनए एकाच जातीचा निघाला होता.

डहाणूच्या सरकारी कचेरीत सुनावणीला अर्धा तास उरला होता. तलासरीच्या डोंगरातला थोरला डोह खाणीच्या राडारोड्याने बुजवायचा की राखायचा, हे आज ठरणार होते. डोहातला मासा आणि खालच्या ओढ्यातला मासा दिसायला जुळे भाऊ. खवले मोजूनही भेद सापडत नव्हता. परंतु ओढ्यातला मासा पावसाळ्यात अंडी घालतो आणि डोहातला ऐन थंडीत, हे डोहाजवळच्या पाड्यावर सर्वांना ठाऊक होते. तो निराळ्या जातीचा ठरला, तरच डोह वाचणार होता.

खाणीचा वकील जाता जाता थबकला. "मॅडम, कुंडली छत्तीस गुणांनी जुळली म्हणे. आता लग्न उरका."

 दक्षा बाकावर बसलेल्या हाल्याकडे वळली. पाड्यातला सर्वांत जाणता माणूस तो. डोहाकडचा उतार अवघड आहे म्हणून त्याने तिला वरच थांबवले होते आणि तिने डोहासाठी दिलेली लाल दोऱ्याची व ओढ्यासाठी दिलेली पांढऱ्या दोऱ्याची, अशा दोन्ही बाटल्या स्वतः भरून आणल्या होत्या.

"काका, बाटल्या भरताना काही घोटाळा झाला का?"

"घोटाळा कसला, बाय? लाल दोऱ्याच्या बाटलीत थोरले घातले, पांढऱ्याच्या बाटलीत धाकले."

"लाल बाटलीतले डोहातलेच ना?"

हाल्याने नजर दाराकडे वळवली.

"ओढ्यातले," तो म्हणाला. "दोन्ही ओढ्यातलेच. डोह देवाचा हाय. माझ्या आज्यानं त्यात जाळं टाकलं नाय, बापानं नाय. तू एवढ्या आशेनं बाटल्या दिल्यास. तोंडावर नाय म्हणवेना."

दक्षाने अहवाल मिटला. मार्ग अजून पुरता बंद झाला नव्हता. नमुने चुकीचे होते, मासे नव्हे.

"मी आठ दिवसांची मुदत मागते," ती घाईने म्हणाली. "मिळेल. फक्त एक मासा, काका. एकच. नाहीतर खाणवाले डोह बुजवतील."

आतून शिपायाने पुकारा केला. वकील केव्हाच आत जाऊन बसला होता. हाल्या गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठला.

"मुदत माग तू," तो म्हणाला. "पण जाळं टाकल्यावर, बाय, वाचवायचं काय उरंल?"