रिकामे रांजण

आमच्या मागवे शहरात आज पारा सत्तेचाळिसाच्या वर जाणार, हा अंदाज सकाळी मीच हवामान केंद्रातून कळवला होता. त्यामुळे भर दुपारी आत्या पाण्याच्या बादल्या घेऊन निघाली, तेव्हा मी तिला दारातच अडवलं. रस्त्याकडेच्या पाणपोईचे रांजण रिकामे राहू द्यायचे नाहीत, हा आमच्या घराचा नेम.

"ऊन उतरलं की मी भरते. आत्ता गेलीस तर जीव जाईल तुझा."

"तुझ्या यंत्रांना तहान लागत नाही ना, म्हणून सुचतंय तुला!" उन्हासाठी थानाखाच्या सालीचा लेप फासलेलं तोंड फिरवून आत्या फणकारली. पण बसली.

थोड्या वेळाने पाणपोईतला पत्र्याचा पेला रांजणाच्या तळाशी खरवडल्याचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. रस्ता लांबवर ओस होता. पेला साखळीला स्थिर लटकत होता, आणि खरवडणं चालूच होतं.

"कोण आलंय गं?" आत्याने विचारलं.

"कुणी नाही."

"मग तहान कुणाला लागलीय?"

आवाज थांबला. मग तो अंगणातल्या हौदातून आला. मग स्वयंपाकघरातल्या माठातून. मी झाकण उचललं. तासाभरापूर्वी भरलेला माठ आतून ठणठणीत कोरडा होता.

"थूझा," आत्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पाणी दे गं."

मी वळले. तिच्या अंगावर घामाचा टिपूसही उरला नव्हता. मी धावत जाऊन तिला कवटाळलं, तेव्हा खरवडण्याचा तो आवाज तिच्या छातीतून येत होता.